इंटरनेटचं दुखणं आणि हातातला फोन

घरात कुणाला ताप आला तर आपण लगेच डॉक्टरकडे धावत नाही. आधी थर्मामीटर लावतो, जीभ पाहतो, काल काय खाल्लं ते आठवतो. मग डॉक्टरांना सांगतो, "परवापासून एकशेदोन आहे, दिवेलागणीला चढतो, सकाळी उतरतो." एवढं सांगता आलं की निम्मं काम झालेलं असतं. पण घरातलं इंटरनेट आजारी पडलं की मात्र आपण हात टेकतो. "बंद पडलंय" यापलीकडे आपल्याला काही सांगता येत नाही. मग जो येईल तो सांगेल ते खरं, आणि मागेल तितके पैसे बरोबर!

गेल्या पावसाळ्यात मिरजेला माझ्या धाकट्या जावेच्या घरी हेच झालं. ती आठवी ते दहावीच्या मुलांना घरबसल्या व्हिडिओवर गणित शिकवते. नऊ मुलं, वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ. जुलै लागला आणि रोज नेमकं शिकवणीच्या वेळी इंटरनेट आचके देऊ लागलं. मुलांना पडद्यावर बाईंचं तोंड उघडं राहिलेलं दिसायचं, आवाज नाही. पंधरा दिवसांत दोन मुलांच्या आयांनी "चाचणी परीक्षेनंतर बघू" म्हणून गोड शब्दांत काढता पाय घेतला.

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा सकाळी अकराला, आणि तिन्ही वेळा सगळं ठणठणीत. पहिल्यांदा म्हणाला, तुमचा फोन जुना झालाय. दुसऱ्यांदा म्हणाला, राउटर बदला, तीन हजार पडतील. तिसऱ्यांदा म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडूनच काहीतरी होतंय." हे ऐकून भाऊजींनी निकाल देऊन टाकला, "नाहीतरी किती सुटतात त्यात? बंद कर ती शिकवणी."

त्या रात्री तिचा मला फोन आला. "ताई, पैशांचं एक वेळ जाऊ दे. पण माझ्यामुळेच बिघडतंय असं सगळे म्हणतात आणि मला उलट उत्तर देता येत नाही. कारण काय बिघडलंय ते मलाही ठाऊक नाही!"

मी काही इंजिनीयर नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत घरात एकाची शाळा, दुसऱ्याचं कॉलेज आणि आमच्या ह्यांचं ऑफिस एकाच राउटरवर चालवताना जे शिकले, ते अजून उपयोगी पडतं आहे. शनिवारी सांगलीहून बस धरली आणि मिरजेला गेले. हत्यार एकच, पर्समधला फोन.

नळाला पाणी नाही, तर दोष कुणाचा?

नळ कोरडा असला तर आपण काय पाहतो? नळच बिघडलाय का, घरातली टाकी-पाइप यांत काही आहे का, की नगरपालिकेचंच पाणी आलं नाही? इंटरनेटचंही तसंच. हातातलं यंत्र म्हणजे नळ. घरातलं वायफाय म्हणजे टाकी आणि पाइप. आणि बाहेरून येणारी फायबरची तार म्हणजे नगरपालिकेची लाइन. दुखणं या तिघांपैकी कुठे आहे एवढंच आपल्याला शोधायचं आहे. दुरुस्ती ज्याची त्यानं करावी.

पहिली गोष्ट : मोबाईलचा डेटा बंद करा

ही साधी गोष्ट शंभरातल्या नव्वद जणी विसरतात. वायफाय रडू लागलं की फोन गुपचूप मोबाईलच्या डेटावर उडी मारतो. आपल्याला वाटतं, फोनवर तर चालतंय, म्हणजे लॅपटॉपच बिघडला. म्हणून तपासणी करताना मोबाईल डेटा बंद आणि वायफाय चालू ठेवायचं.

आता उलट परीक्षा. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावून शिकवणीचा लॅपटॉप किंवा फोन त्यावर चालवून पाहा. नीट चालला तर यंत्र निर्दोष सुटलं. जावेचा "जुना झालेला" फोन भाऊजींच्या हॉटस्पॉटवर तासभर न अडखळता चालला. पहिला आरोप तिथेच खोटा ठरला.

दुसरी गोष्ट : घरभर फिरून वायफायचा जोर मोजा

फोनवरच्या त्या तीन-चार रेघांवर विसंबू नका. अँड्रॉइड फोनसाठी "वायफाय ॲनालायझर" जातीची ॲप फुकट मिळतात. आयफोनवर ॲपलचंच "एअरपोर्ट युटिलिटी" उतरवून घ्यायचं आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करायचा. असं ॲप जोर आकड्यात दाखवतं, पण आकडा उणे असतो. त्यानं गोंधळू नका, उधारीसारखं समजा. उधारी जितकी कमी तितकं बरं! उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ सुरळीत चालतो. उणे ७० च्या पलीकडे कुरकुर सुरू होते आणि उणे ८० म्हणजे वायफाय नावालाच.

(अँड्रॉइडवर हे ॲप तुमचं ठिकाण पाहण्याची परवानगी मागेल. जवळपासच्या वायफायच्या नावांवरून जागा ओळखता येते, म्हणून तशी परवानगी घेण्याचा नियमच आहे. पण वायफाय मोजणारं ॲप तुमचे मेसेज किंवा नंबरांची यादी मागू लागलं, तर ते तत्काळ काढून टाका.)

फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून सावकाश फिरा आणि आकडे लिहून ठेवा. आमच्या घरी बैठकीच्या खोलीत उणे ४८ आणि स्वयंपाकघरात उणे ८१ निघाले होते. कारण काय, तर राउटर दिसायला वाईट दिसतो म्हणून मी तो शोकेसमध्ये, लोखंडी कपाटाच्या आडोशाला दडवला होता. लोखंड, कपाटाचा आरसा, माशांची काचपेटी, जाड भिंत, सगळे वायफायचे वैरी. राउटर उघड्यावर, खांद्याच्या उंचीवर ठेवल्याबरोबर स्वयंपाकघरात उणे ६२ झालं. खर्च शून्य.

आणखी दोन गोष्टी याच वेळी पाहून घ्या. बऱ्याच राउटरची दोन वायफाय असतात, २.४ गिगाहर्ट्झचं आणि ५ गिगाहर्ट्झचं. २.४ चं लांब पोचतं पण गर्दीत सापडतं. ५ चं वेगवान, पण भिंतींपुढे हार खातं. राउटरच्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४ वापरावं. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच आसपास काम करतो, म्हणून दूध गरम करताना व्हिडिओ अडखळला तर नवल नाही. दुसरं म्हणजे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ॲपमध्ये शेजाऱ्यांची वायफाय एकावर एक चढलेली दिसतील. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यांतलं कमी गर्दीचं निवडून द्यायला कंपनीच्या माणसाला सांगावं.

जावेच्या शिकवणीच्या खोलीत आकडा निघाला उणे ५२. म्हणजे घरातल्या वायफायचीही सुटका. राउटर बदलायचे तीन हजार वाचले.

तिसरी गोष्ट : हाक मारा आणि ओ येते का पाहा

यासाठी "पिंग" नावाची युक्ती आहे. फोननं दुसऱ्या यंत्राला हाक मारायची, त्यानं ओ द्यायची आणि त्याला किती वेळ लागला ते मोजायचं. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ही युक्ती लिहून काढली. पाणबुड्यांचा शोध घेताना ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून तिचं नाव पडलं. इतकी वर्षं झाली तरी जगभरचे जाणकार पहिली परीक्षा हीच करतात. पिंग करणारी फुकट ॲप दोन्ही तऱ्हेच्या फोनवर मिळतात.

पहिली हाक घरातल्या घरात, राउटरला. त्याचा पत्ता फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये मिळतो. आपल्या वायफायच्या नावावर टिचकी मारली की "गेटवे" किंवा "राउटर" या शब्दापुढे १९२.१६८.१.१ सारखा आकडा दिसेल. ही ओ दहा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर यायला हवी. ॲप नको असेल तर हाच आकडा ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत टाइप करा. राउटरचं पान उघडलं, म्हणजे घरातल्या घरात रस्ता मोकळा आहे.

दुसरी हाक बाहेर. गूगलचा एक सार्वजनिक पत्ता लक्षात ठेवायला सोपा आहे, चार वेळा आठ : ८.८.८.८. त्याला शंभर हाका मारा आणि किती वाया गेल्या ते पाहा. एखादी चुकली तर सोडून द्या. पाच-दहा चुकू लागल्या की व्हिडिओवरचे चेहरे गोठतात.

आता निदान करा. राउटरच ओ देत नसेल किंवा रखडत देत असेल, तर दोष घरातला. राउटर चटकन ओ देतो आणि बाहेरचा मात्र गप्प, तर दोष राउटरपासून पुढचा. दोघेही ओ देतात पण वेबसाइट उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधणारी डिरेक्टरी, म्हणजे डीएनएस बिघडलेलं. हे कंपनीला याच शब्दांत सांगा, समोरचा माणूस सरसावून बसेल.

शनिवारी दुपारी जावेच्या घरी शंभरपैकी शंभर ओ आल्या. चहा झाला, पोहे झाले, गप्पा झाल्या. दिवेलागण झाली आणि साडेसहाला पुन्हा हाका मारल्या, तर राउटर तीन मिलिसेकंदांत ओ देतोय आणि बाहेरच्या शंभरांतल्या अडतीस वाया! पेटीवरचा "एलओएस" नावाचा दिवा मधूनच लाल डोळे मिचकावत होता. फायबरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पुरेसा पोचत नाही, असा त्याचा अर्थ. दोष बाहेरच्या लाइनीचा हे ठरलं. पण रोज संध्याकाळीच का?

चौथी गोष्ट : वही घाला

माझी शेवटची बस होती. निघताना तिला सांगितलं, "दुधाचा हिशेब ठेवतेस ना, तशी वही घाल. दर दोन तासांनी हाका मार आणि लिही. वेळ, किती वाया गेल्या, दिवा कसला होता, आणि घरात तेव्हा काय चाललं होतं तेही."

ते शेवटचं मी सहज म्हटलं होतं. पण तेच कामाला आलं.

मंगळवारी रात्री तिनं वही वाचून दाखवली. शनिवार रात्र, खराब. रविवार सकाळ, उत्तम. सोमवार संध्याकाळ, खराब. मंगळवारीही तेच. फक्त रविवारी संध्याकाळी एकही हाक वाया गेली नव्हती.

"रविवारी काय वेगळं होतं गं?"

"काही नाही. शिकवणी नव्हती. हे क्रिकेट बघत बसले होते."

"आणखी?"

"उकडतंय म्हणून त्यांनी खिडकी लावू दिली नाही. एरवी डास येतात म्हणून मी दिवे लागले की…" आणि ती बोलता बोलता थांबली. मला तिच्या पावलांचा आवाज आला, मग खिडकी लावल्याचा. मिनिटभर शांतता. "ताई, थांबल्या! हाका थांबल्या!" पुन्हा खिडकी उघडल्याचा आवाज. मिनिटाभरात ओ पुन्हा येऊ लागल्या.

फायबरची तार त्या खिडकीच्या चौकटीतूनच आत घेतली होती. खिडकी लागली की तार दुमडून चिमटीत सापडायची. आत केसासारखा काचेचा तंतू असतो, तो फार वाकला की प्रकाश बाहेर सांडतो आणि पेटीपर्यंत पोचेनासा होतो. रात्रभर खिडकी बंद, म्हणून रात्रभर दुखणं. सकाळी खिडकी उघडी, म्हणून अकराला येणाऱ्या माणसाला सगळं निरोगी दिसायचं. तोही अगदी खोटं बोलत नव्हता, त्यानं फक्त संध्याकाळ पाहिली नव्हती.

तक्रार कशी करावी

दुसऱ्या दिवशी जावेनं खिडकी लावली की दिवा लाल होतो याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत फोनवर काढली आणि वहीच्या पानाच्या फोटोसकट कंपनीला पाठवली. फोनचा कॅमेरा हे असं साक्षीदाराचं काम उत्तम करतो. राउटरच्या तारा काढण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे परत जोडताना चूक होत नाही. पेटीच्या बुडाखालची बारीक अक्षरं वाचायची तर फोटो काढून मोठा करा, चष्मा शोधायला नको.

तक्रार करताना "चालत नाही" एवढंच म्हणू नका. म्हणा, "संध्याकाळी साडेसहा ते सकाळी सात, वायफायचा जोर उणे ५२, राउटर ओ देतो, बाहेरच्या शंभरांत अडतीस वाया, एलओएस लाल." आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्राय या नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो. तक्रार निवारली गेली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

वेगाची तक्रार असेल तर ट्रायचंच "मायस्पीड" ॲप आहे, त्यावर मोजा. राउटरशेजारी उभं राहून आणि बाकी सगळी यंत्रं बंद ठेवून मोजायचं. मात्र एक घोळ टाळा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाइल उतरवताना आकडा दिसतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० च्या जोडणीवर सेकंदाला बाराच्या आसपास मेगाबाइट उतरलं, तर कुणी फसवलेलं नाही. आणि व्हिडिओवर शिकवायला तीन-चार मेगाबिटही पुरतात. वेगापेक्षा सातत्य मोलाचं.

हे कटाक्षानं टाळा

* राउटरच्या मागचं रीसेटचं बारीक छिद्र टाचणीनं दाबू नका. सगळी घडी पुसली जाते आणि मग खरंच माणूस बोलवावा लागतो. बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं वेगळं, ते खुशाल करा.
* फायबरची तार खिळ्याला गुंडाळू नका, घडी घालू नका. जास्तीची तार बशीएवढ्या मोकळ्या वेटोळ्यात ठेवा. तार पेटीतून काढलीच तर तिच्या टोकात डोकावून पाहू नका. आतला प्रकाश लेसरचा असतो आणि दिसत नाही, पण डोळ्याला बाधक असतो.
* कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका, बिलावरचाच लावा. "दुरुस्त करतो, हे ॲप टाका, तुमचा फोन मला इथून दिसू दे" असं कुणी फोनवर म्हणालं तर सरळ ठेवून द्या. इंटरनेट दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही. फसगत झालीच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

आता मिरजेचं सांगते. तोच माणूस गुरुवारी आला. जावेनं काही न बोलता त्याच्यासमोर खिडकी लावली आणि दिव्याकडे बोट दाखवलं. त्यानं भिंतीला छिद्र पाडून तार वेगळीकडून घेतली, चेपलेला तुकडा बदलला. अर्ध्या तासाचं काम. एक पैसाही मागितला नाही. जाताना म्हणाला, "वहिनी, आधीच सांगितलं असतंत तर!" ती म्हणाली, "आधी मला कुठे माहीत होतं?"

गेलेल्या दोन मुलांपैकी एक परत आलं, दुसरं नाही आलं. भाऊजी त्या विषयावर काही बोलले नाहीत. पण परवा त्यांच्या दुकानातलं इंटरनेट बंद पडलं, तेव्हा त्यांनी कंपनीच्या आधी घरी फोन लावला, "अगं, ते हाका मारायचं कसं असतं?"

तेव्हा मैत्रिणींनो, इंटरनेट नीट चालू आहे अशा एखाद्या निवांत दुपारी घरभर फिरून आकडे काढून ठेवा, आणि ते किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. निरोगी असतानाचा आकडा माहीत असला, तरच ताप किती चढला ते कळतं.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना येणाऱ्या कुबट वासाबद्दल बोलू.